कौशल्याधारित स्वयंसेवा : पहिले काम हाती घेण्यापूर्वी आणि सोडण्यापूर्वी

स्वयंसेवी संस्थेसाठी काही करावे असे मनात असलेल्या नोकरदार माणसाला बहुधा दोनच वाटा ठाऊक असतात : देणगी देणे, किंवा एखाद्या रविवारी अंगमेहनतीला जाणे. महाराष्ट्रात श्रमदानाची परंपरा मोठी आहे आणि तिला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पाणी फाउंडेशनच्या हाकेला ओ देऊन शहरांतून गावी गेलेल्या जलमित्रांनी खरोखर चर खणले. परंतु ज्याने पंधरा वर्षे ताळेबंद जुळवले, भरतीच्या मुलाखती घेतल्या किंवा माहितीचे साठे सांभाळले, त्याच्याकडे कुदळ चालवण्याखेरीज आणखीही काही देण्यासारखे आहे, हे त्याच्याही आणि संस्थेच्याही उशिरा ध्यानात येते. नोकरीत रोज वापरले जाणारे कौशल्य ठरावीक मुदतीसाठी, विनामोबदला संस्थेच्या कामी लावणे, याला कौशल्याधारित स्वयंसेवा म्हणतात. पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेच्या धडक मोहिमेत डॉक्टर आणि इतर स्वयंसेवक पावसाळ्यात ठरावीक दिवसांच्या तुकड्यांनी मेळघाटात जाऊन राहतात. मुदत आखलेली आणि काम पुढच्याच्या हाती सोपवायचे हे आधीच ठाऊक, अशी ती रचना आहे, आणि कार्यालयीन कौशल्य देणाऱ्यालाही तीच लागू पडते.

या लेखातली प्रत्येक पायरी एका प्रश्नाभोवती फिरते : आपण निघून गेल्यावर हे काम संस्थेतल्या कोणाच्या टेबलावर राहणार? त्या व्यक्तीचे नाव सुरुवातीलाच सांगता आले नाही, तर काम कितीही चांगले झाले तरी ते टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. तो अनुभव माझ्याच चुकीतून आला असल्यामुळे योग्य ठिकाणी सांगतो.

पायरी १ : आपल्याजवळ काय आहे ते क्रियापदांत लिहावे

‘सीनियर मॅनेजर’ किंवा ‘टीम लीड’ या पदांवरून संस्थेच्या कार्यालयातल्या ताईंना काहीही बोध होत नाही. म्हणून कोऱ्या कागदावर आपण प्रत्यक्ष काय करतो ते लिहावे : बँक पासबुक आणि रोजकीर्द यांचा मेळ घालता येतो, पन्नास जणांच्या पगाराची पत्रके करता येतात, मराठीत स्वच्छ पत्र लिहिता येते, छायाचित्रांवर संस्कार करता येतात, नव्या माणसाला एक्सेल शिकवता येते. यांतली जी वाक्ये लिहिताना अडखळल्यासारखे होईल, ती खोडावीत. संस्था ही नवे कौशल्य शिकून पाहण्याची जागा नव्हे. तिच्याकडे चूक निस्तरायला दुसरा माणूस नसतो.

मग वेळ. आठवड्याला तीन तास, तीन महिने, हा पहिल्या कामासाठी सुसह्य हिशेब आहे. मात्र त्यातून तिमाहीअखेरची धावपळ, गणपती, दिवाळी आणि घरातली लग्नकार्ये वजा करावीत, आणि उरलेल्या वेळाचाच शब्द द्यावा. दहा तासांचे आश्वासन देऊन चार तास देणाऱ्यापेक्षा तीन तास सांगून तीन देणारा माणूस संस्थेला परवडतो.

पायरी २ : नोकरी देणाऱ्या कंपनीशी आधी बोलावे

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नये. बहुतेक नेमणूकपत्रांत बाहेरच्या कामासंबंधी अट असते आणि अनेकांत असेही लिहिलेले असते की नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने तयार केलेल्या गोष्टींवर कंपनीचा हक्क राहील. विनामोबदला कामासाठी मनुष्यबळ विभागाकडून ईमेलवर लेखी होकार मिळवावा. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीने विकत घेतलेले सॉफ्टवेअर आणि कंपनीचे तयार नमुने संस्थेच्या कामासाठी वापरू नयेत. आपली कंपनी त्याच संस्थेला निधी देत असेल किंवा देणार असेल, तर ते दोन्ही बाजूंना आधीच सांगावे.

काही कंपन्यांत यासाठी तयार व्यवस्था असते. टाटा समूहाच्या ‘प्रोएंगेज’ उपक्रमात कर्मचारी, त्यांचे कुटुंबीय आणि निवृत्त कर्मचारी एक ते सहा महिन्यांची अर्धवेळ कामे निवडून संस्थांसाठी करतात. अशी व्यवस्था असेल तर पहिले काम तिच्यामार्फतच करावे. संस्था तपासण्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ५०० कोटी रुपयांची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांची किंमत काढून ती या २ टक्क्यांत धरता येत नाही, असे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘तुमचे तास सीएसआरमध्ये दाखवू’ असे कोणी म्हणाले, तर तासांची नोंद ठेवायला हरकत नाही, पण ती खर्चाच्या रकान्यात जाणार नाही.

पायरी ३ : संस्था निवडणे आणि तिच्या कार्यालयात नुसते बसणे

महाराष्ट्रातली बहुतेक संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, आणि अनेक संस्थांची त्याबरोबर संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालीही नोंदणी असते. काही संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या, म्हणजे नफा न वाटणाऱ्या कंपन्या असतात. नोंदणीचा दाखला, गेल्या दोन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि विश्वस्तांची यादी संकोच न बाळगता मागावी. चांगल्या संस्थेला याचा राग येत नाही. कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर कारण शोधत बसू नये, नमस्कार करून निघावे.

कागद ठीक असले तरी लगेच काम ठरवू नये. आधी अर्धा दिवस संस्थेच्या कार्यालयात जाऊन बसावे, आणि त्या अर्ध्या दिवसात एकही सूचना करू नये. फोन कोण उचलते, पावतीपुस्तक कोणाच्या खणात असते, प्रकल्पावरून आलेली माहिती व्हॉट्सॲपवर येते की कागदावर, वीज गेली की काय थांबते, हे पाहावे.

मी हे केले नव्हते. एका वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेसाठी मी देणगीदारांच्या नोंदींची एक प्रणाली तयार केली. नाव, पत्ता, रक्कम, तारीख, पावती क्रमांक. शोध घ्या, अहवाल काढा, सगळे नीटनेटके. चार महिन्यांनी गेलो तेव्हा कार्यालय सांभाळणाऱ्या ताई पुन्हा जुन्या लांबट रजिस्टरमध्येच लिहीत होत्या, आणि मी थोडा दुखावलो. ‘यात काय आहे जे त्यात नाही?’ असे विचारल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवले. शेवटच्या, शीर्षक नसलेल्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिले होते : ‘मार्गशीर्ष वद्य ५, वडिलांचे वर्षश्राद्ध, मुलांना गोड जेवण, आदल्या आठवड्यात फोन.’ खालच्या ओळीत : ‘कुलकर्णी मॅडमच्या ओळखीने.’ संस्थेकडे येणारी निम्मी अन्नदाने तिथीवर येत होती, आणि तिथी दर वर्षी वेगळ्या तारखेला पडते. ताई वर्षाच्या सुरुवातीला पंचांग घेऊन बसत आणि कोणाला कधी फोन करायचा ते त्या रकान्यावरून ठरवत. माझ्या प्रणालीत तारीख होती, तिथी नव्हती. देणगीदार होता, त्याची ओळख कोणामार्फत झाली ते नव्हते. संस्थेचे उत्पन्न ज्या रकान्यावर उभे होते, तेवढाच मी गाळला होता.

अर्धा दिवस गप्प बसलो असतो तर तो रकाना मला दिसला असता.

पायरी ४ : काम ठरवणे

संस्थाचालकांना काय हवे असे विचारले की उत्तर बहुधा ‘वेबसाइट’ किंवा ‘ॲप’ असे येते. पहिले काम म्हणून या दोन्हींना नम्रपणे नकार द्यावा. वेबसाइट दर महिन्याला माणूस मागते, आणि तो माणूस बहुतेक संस्थांकडे नसतो. दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाची ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी मिरवणारी संकेतस्थळे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

त्याऐवजी असे काम शोधावे जे संस्थेत कोणीतरी आजही करते, पण त्यात तिचा वेळ फार जातो. काही उदाहरणे जरा तपशिलाने देतो, कारण नवख्या माणसाला ती सुचत नाहीत.

जुन्या मराठी संस्थांमध्ये वर्षानुवर्षांच्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) साठवलेल्या असतात. ज्या संगणकावर तो टंक आहे तिथे त्या वाचता येतात, इतरत्र उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. या याद्या युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा लिपिसंकेतात, आणणे हे माहिती तंत्रज्ञानातल्या माणसासाठी दोन-तीन शनिवारांचे काम आहे, आणि त्यामुळे संस्थेला आपलीच दहा वर्षांची माहिती पुन्हा शोधता येऊ लागते. रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, पण ती हमखास एके ठिकाणी चुकतात : जुन्या टंकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकलेला असतो, त्यामुळे या दोन खुणा रूपांतरात जागा सोडतात. म्हणून यादी बदलून झाल्यावर सगळ्यांत आधी शर्मिला, निर्मला, कीर्ती अशी नावे डोळ्यांखालून घालावीत. ती बरोबर असतील तर बाकीची बहुतेक बरोबर असतात. रकमा आणि तारखा मात्र इंग्रजी अंकांतच ठेवाव्यात, कारण देवनागरी अंकांत टंकलेली रक्कम बेरजेतून नकळत सुटण्याचा धोका असतो.

हिशेबाचे काम जाणणाऱ्यासाठी दर महिन्याचा बँक मेळ हे सोन्यासारखे काम आहे. पुष्कळ संस्थांत तो मेळ वर्षाच्या शेवटी एकदम घातला जातो, आणि तोवर ‘ही साडेतीन हजारांची रक्कम कोणाची?’ याचे उत्तर कोणालाच आठवत नाही. येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. पूर्णवेळ नोकरीत असलेल्या सनदी लेखापालाला संस्थेच्या लेखापरीक्षण अहवालावर सही करता येत नाही, आणि कंपनीच्या पगारावर असलेल्या वकिलाला न्यायालयात किंवा धर्मादाय आयुक्तांपुढे संस्थेचे वकीलपत्र घेता येत नाही. परीक्षणापूर्वीची कागदांची लावणी, विश्वस्त बदलल्यानंतरच्या बदल अर्जाची कच्ची तयारी, करारांचे वाचन, एवढे दोघांनाही करता येते, आणि संस्थेला तेच अधिक हवे असते.

अंदाजपत्रकाचे काम तिसरे. संस्था निधीचा प्रस्ताव लिहिताना पगार, भाडे, लेखापालाचे मानधन हे खर्च लपवतात किंवा कमी दाखवतात, आणि मग मंजूर झालेला प्रकल्पच तोट्यात चालवतात. कंपनीच्या सामाजिक खर्चावर ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा आहे हे ऐकून त्या घाबरलेल्या असतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. परदेशी देणग्यांची गोष्ट निराळी : परकीय अंशदान कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने संस्थेच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आहे, आणि ती खरोखर संस्थेलाच पाळावी लागते. हा भेद समजावून सांगणारा आणि त्याप्रमाणे अंदाजपत्रकाचा नमुना करून देणारा माणूस संस्थेला वर्षभर पुरतो.

काम कोणतेही ठरो, ते ठरवताना संस्थेतल्या एका व्यक्तीचे नाव त्यापुढे लिहावे. संस्थाचालकांचे नाव चालणार नाही. त्यांच्या टेबलावर आधीच सगळे असते. जी व्यक्ती आज ते काम करते तिचेच नाव हवे, आणि ठरवण्याच्या बैठकीत ती हजर हवी.

पायरी ५ : एक पानाचा कागद

वकिली भाषेतला करार नको. एक पान पुरे. काय करणार, काय करणार नाही, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्यातून कोणत्या दिवशी बोलायचे, संस्थेकडून कोणती माहिती कधी मिळणार, प्रवासखर्च कोण करणार, आणि तयार झालेले काम संस्थेच्या मालकीचे राहील, एवढ्या गोष्टी मराठीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ‘काय करणार नाही’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे असते. ते नसेल तर दुसऱ्या महिन्यात वार्षिक अहवालाची मांडणी, तिसऱ्या महिन्यात प्रिंटरची दुरुस्ती आणि चौथ्या महिन्यात संमेलनाचे सूत्रसंचालन आपल्याकडे येते. संस्थेच्या मागण्यांत लबाडी नसते. मदत करणारा माणूस क्वचितच मिळतो, म्हणून मागितले जाते.

मुदत ठरवताना संस्थेचे वर्ष पाहावे. ३१ मार्चला हिशेब बंद होतात, जूनमध्ये शाळा उघडतात, सप्टेंबर-ऑक्टोबर लेखापरीक्षण आणि विवरणपत्रांत जातो. शैक्षणिक संस्थेकडे जूनमध्ये जाऊन ‘माझ्यासाठी वेळ काढा’ म्हणणे म्हणजे लग्नघरात जाऊन विम्याची माहिती सांगणे.

याच पानावर माहितीच्या गोपनीयतेविषयी दोन ओळी असाव्यात. लाभार्थींची नावे, आजार, मुलांचे पत्ते आणि छायाचित्रे आपल्या खासगी फोनवर किंवा वैयक्तिक ईमेलवर घेऊ नयेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, बालगृहातल्या मुलीसोबतचा आपला फोटो समाजमाध्यमावर टाकण्याचा हक्क आपल्याला तीन शनिवारांच्या कामाने मिळत नाही.

पायरी ६ : काम चालू असताना

कार्यालयातली बोली घरी ठेवावी. ‘डेडलाइन’, ‘डिलिव्हरेबल’ असे शब्द ऐकले की संस्थेतली अनुभवी माणसेही गप्प होतात, आणि गप्प बसलेला माणूस आपली चूक दाखवून देत नाही. ज्या कार्यकर्त्या दुपारी गावभेटीला जातात त्यांना दुपारी फोन करू नये. रात्री दहाला केलेला संदेश त्या मनमोकळेपणाने वाचत नसतात, केवळ ‘साहेबांचा आहे’ म्हणून उत्तर देतात.

आणखी एक गोष्ट उघड बोलली जात नाही, पण असते. एक्सेल शिकवायला शहरातून कोणी आले की वीस वर्षे रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला आपली नोकरी जाते की काय असे वाटते. तिथे युक्तिवाद उपयोगाचा नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून काहीतरी शिकून घ्यावे, अगदी व्हाउचर कसे डकवतात एवढे जरी असले तरी, आणि ते खरोखर त्यांच्या पद्धतीने करावे. दुसऱ्या आठवड्यापासून प्रश्न विचारले जाऊ लागतात.

पायरी ७ : काम सोडणे

शेवटचा महिना नवे काही करण्यात घालवू नये, सोपवण्यात घालवावा. सगळी खाती संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या फोन क्रमांकावर आहेत ना, ते एकेक करून तपासावे. स्वयंसेवकाच्या खासगी जीमेलवर उघडलेले खाते हा संस्थांच्या गळ्यातला नेहमीचा फास आहे. पासवर्ड दोन विश्वस्तांना ठाऊक असावेत. मराठीत दोन पानांची कृतीपुस्तिका लिहावी, आणि ती आपण लिहिण्याऐवजी त्या ठरलेल्या व्यक्तीने सांगावी व आपण उतरवून घ्यावी. मग कुठे अडते ते लिहितानाच कळते. त्यानंतर तिने ते काम तीनदा एकटीने करावे. आपण त्याच खोलीत, पण माऊसला हात न लावता बसावे. हे दिसते त्यापेक्षा अवघड आहे.

निघताना तीन महिन्यांनंतरच्या भेटीची तारीख ठरवावी आणि खरेच जावे. तिथे ‘कसे चालले आहे?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘छान’ असेच येते. फाइल उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहावे.

त्या वसतिगृहासाठी मी नंतर दुसऱ्यांदा काम केले. या वेळी प्रणाली नव्हती, एक साधी एक्सेलची फाइल होती, ताईंच्याच रजिस्टरच्या रकान्यांची, आणि तिथीचा रकाना सर्वांत डावीकडे. तीन महिन्यांनी जाऊन फाइल उघडली तेव्हा शेवटची नोंद आदल्याच दिवशीची होती. शिवाय उजव्या टोकाला मी न केलेला एक नवा रकाना होता, वर नुसते ‘न. घे.’ एवढेच लिहिलेला. मला काही उमगेना, म्हणून विचारले. ताई म्हणाल्या, ‘नवमी घेतात. आई सवाष्ण गेलेली, म्हणून तिचे श्राद्ध अविधवा नवमीला करणारे. त्यांना पितृपंधरवड्यातच फोन करायचा असतो, तुम्हाला कुठून ठाऊक असणार?’